रजयांच्या खोलीतला मराठी आवाज

चहा आधी संपवा. नंतर सांगते. मागच्या वेळी हाच किस्सा सांगताना एकीनं माझ्या सोफ्यावर कप उपडा केला, तो डाग अजून तिथेच आहे.

तर मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण अख्ख्या विद्यापीठाला धरून, मुलं, शिपाई, डीन, सगळ्यांना रांगेत उभं करून केलेला मूर्खपणा हा एकच. आणि गंमत अशी की तो करताना मी अतिशय गंभीर होते. घाबरलेली होते हो! खरंच. आजही ती कुजबुज आठवली की मानेवर काटा येतो. आता यात काटा येण्यासारखं काय आहे, ते तुम्हीच ठरवा.

मी मूळची चिपळूणची. जयपूरला इतिहास शिकवायला आले त्याला बावीस वर्षं झाली. नवरा जहाजावर, म्हणजे सहा-सहा महिने पाण्यात. मुलगी बंगळुरात. जवाहर नगरात भाड्याचं घर, आणि खाली बँडवाल्यांचं दुकान. लग्नसराई असो नसो, तुतारी चालूच! मराठी बोलायची ती फोनवर, एवढंच.

आमच्या विद्यापीठात मुलांचे क्लब भरपूर. नाटकाचा, फोटोंचा, डोंगर चढणाऱ्यांचा, रक्तदानाचा. एक तर फक्त शहरभर फिरून कचोऱ्या खाणाऱ्यांचा, आणि त्याला सगळ्यांत जास्त सभासद. माझ्याकडे आला होता ‘कानोंकान’. ज्या मुलांना दिसत नाही, त्यांच्यासाठी अभ्यासाची पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची, हे त्याचं काम. सभासद नऊ. त्यातले दोन कचोरीवाल्यांकडे जाऊन-येऊन.

आमची खोली जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या टोकाला. पूर्वी तिथे नकाशे ठेवायचे. आवाज घुमू नये म्हणून मुलांनी घराघरांतून जुन्या रजया गोळा केल्या आणि चारी भिंतींवर ठोकल्या. लाल, पिवळ्या, विटलेल्या गुलाबी. तुम्ही कधी अशा खोलीत गेलायत? आत पाऊल टाकलं की बाहेरचं जग बंद. बोललेला शब्द ओठांतून निघतो आणि तिथेच विझतो. आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. पंखासुद्धा लावायचा नाही, त्याची घरघर येते. एक खिडकी, ती वीतभर उघडी. मे महिन्याच्या दुपारी बाहेर लूचा भाजणारा वारा सुटलेला, सगळा मजला रिकामा, आणि आत मी एकटी, मध्ययुगीन शेतसाऱ्यावर वाचतेय!

हे सगळं चाललं होतं सुमनसाठी. सुमन बीएच्या शेवटच्या वर्षाला, जन्मापासून दिसत नाही, होस्टेलवर राहणारी, आणि माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. दोन वर्षं तिची सगळी पुस्तकं मीच वाचत आले होते. आता शेवटचा पेपर तोंडावर आला होता आणि दोन प्रकरणं वाचायची राहिली होती.

त्यात एका दुपारी स्टाफरूममध्ये लोकेश आला. लोकेश म्हणजे आमच्या क्लबचा अध्यक्ष. कॉम्प्युटरचा विद्यार्थी, हसण्याची सवय नाही. त्यानं नुकतंच एक सॉफ्टवेअर मिळवलं होतं. रेकॉर्डिंगमधली खरखर, फडफड, गाड्यांचे आवाज, सगळं ते काढून टाकायचं आणि फक्त माणसाचा आवाज ठेवायचं. माझ्या वाचनावर त्यानं ते पहिल्यांदाच चालवलं होतं.

“मैम, आप मराठी हैं ना?”

“हो. का रे?” बोलले अर्थात हिंदीत, पण माझं बोलणं तुम्हाला मराठीतच सांगते.

“एक चीज़ सुनिए. मुझे समझ में नहीं आ रही.”

त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले. आधी माझाच आवाज. ठणठणीत, प्राध्यापकी हिंदी. परगणा, सारा, वसुली. मग तो थांबला. शांतता. इतकी कोरी शांतता की कान दुखावेत.

आणि मग कुणीतरी कुजबुजलं.

“मेला…”

थोडा वेळ काहीच नाही. मग, खोल विहिरीतून यावा तसा आवाज,

“…परत आला.”

मी झटकन मागे वळून पाहिलं. हसू नका! स्टाफरूममध्ये आम्हा दोघांखेरीज कुणी नाही, बाहेर रणरणतं ऊन, आणि कानात, अगदी कानात, कुणीतरी मराठी बोलतंय. त्या इमारतीत माझ्याखेरीज मराठी येणारं माणूस नाही. शिपाई नाही, प्राध्यापक नाही, विद्यार्थी नाही. आणि तो आवाज बाईचा की पुरुषाचा, तेही कळेना. नुसती हवा, शब्दांच्या आकाराची.

“किती वेळा घालवलं याला,” आवाज म्हणाला. आणि मग अगदी हळू, “बसलाय बघ कसा. मान वाकडी करून.”

मी हेडफोन ओढून काढले.

“क्या कह रहा है, मैम?” लोकेशनं विचारलं. “मेला? कौन सा मेला?”

आता इथे मी गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण शिक्षकाला कुणी अर्थ विचारला की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी एकेक शब्द सुटा करून सांगितला. मेला म्हणजे मेलेला. मेलेला माणूस परत आला आहे. त्याला अनेकदा घालवलं. तो बसला आहे. त्याची मान वाकडी आहे.

लोकेश पांढरा पडला. मग म्हणाला, “मैम, एक बार पूछ लूँ? आप ही ने तो कुछ नहीं बोला था?”

विचारलं होतं हो त्यानं! अगदी सरळ विचारलं होतं. आणि मी काय म्हणाले माहितीये? “लोकेश, वाचताना मी एक अक्षर जास्तीचं बोलत नाही. आणि मध्ये थांबले की दर वेळी बटण दाबून रेकॉर्डिंग बंद करते.” वर जरा रागावलेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी एक प्रकरण त्या सॉफ्टवेअरमधून काढलं. या वेळी क्लबची पाच-सहा मुलं खुर्च्या ओढून बसलेली. दिवसाढवळ्या पडदे कुणी ओढले कोण जाणे. बराच वेळ नुसतं वाचन. मुलं चुळबुळायला लागली. आणि मग तो आवाज.

“डोळे बघ, लाल लाल.”

एका मुलीनं शेजारणीचा हात धरला.

“इथे घर करायचं नाही. सांगून ठेवते.”

‘ठेवते’! म्हणजे बाई. मी लगेच मुलांना व्याकरण समजावलं. लोकेश थोडा विचार करून म्हणाला, “यानी दो हैं, मैम. एक वो, जो मरा हुआ है. और एक ये, जो उसे देख रही है.”

खरं सांगते, मला तोवर हे सुचलंच नव्हतं. दोन! त्या रजयांच्या मधोमध मी दोन वर्षं एकटी बसून वाचत होते, आणि माझ्या पाठीशी ही दोघं!

“मगर जयपुर में मराठी भूत कहाँ से आएगा?” एका मुलानं विचारलं. त्याला वाटलं, आता तरी यातून सुटका होईल. पण विचारलं कुणाला? इतिहासाच्या बाईला! मी चष्मा नीट केला आणि सांगितलं की पेशवाईच्या काळात मराठी फौजा जयपूरला आल्या होत्या. इथे त्यांची मोठी कत्तल झाली होती. आलेले सगळे परत गेले नाहीत.

वर्गात तीच गोष्ट कितीदा सांगितली होती, मुलं जांभया द्यायची. आता एकही जांभई नाही. मान वाकडी असलेला एक शिपाई. त्याची वाट बघून दमलेली बायको. लाल डोळे. सगळं कसं जागच्या जागी बसत गेलं.

दोन दिवसांत ही बातमी कुठे कुठे गेली, विचारू नका. भैरूजी म्हणजे आमच्या मजल्याचे शिपाई, मोठ्या मिशांचे, कशाला न घाबरणारे. त्यांनी दारावर लिंबू-मिरची टांगली आणि किल्ली माझ्या हातात देऊन हात जोडले. “मैडमजी, आप तो उसी मुलुक की हैं. आप संभालो.” फोटो क्लबची पोरं कॅमेरे घेऊन जिन्यात बसायला लागली. आमच्या क्लबचे सभासद नवाचे चाळीस झाले, पण वाचायला एक तयार नाही, सगळे ऐकायला आलेले! कचोरीवाले दोघंही परत आले.

आणि मी? मला तर घरीसुद्धा नीट राहवेना. दुपारी स्वयंपाकघरात भांडं सरकलं तरी दचकायचे. फ्रीजचं दार उघडायच्या आधी मागे बघायचे. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो जहाजावरून म्हणाला, “विचार तिला, चिपळूणला कुठल्या आळीत होती.” पुरुषांना कशाचंच गांभीर्य नाही.

शेवटी डीन सरांच्या कानावर गेलं. त्यांनी खोलीला कुलूप ठोकलं. भुताला घाबरून नव्हे म्हणे, शिस्तीसाठी. पण तपासायला स्वतः आत गेले नाहीत, हे मी पाहिलं. आणि वर म्हणाले, खोली तशीही रिकामी करायची आहे, सामान ठेवायला जागा हवी आहे.

त्याच संध्याकाळी सुमन मला शोधत आली. तिला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि ती दिवसभर होस्टेलवर अभ्यासात. बिचारीला परीक्षेच्या तोंडावर कशाला घाबरवा, असा आमचा शहाणपणा. सॉफ्टवेअरमधून काढलेली ती रेकॉर्डिंग तर मुद्दाम दाबून ठेवली होती.

“मैम, बाकी दो चैप्टर?” एवढंच विचारलं तिनं.

“आठ दिवस आहेत ना अजून?”

“छह हैं, मैम.”

तिच्या काठीचा टकटक आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी तशीच उभी राहिले. घरी वाचावं, तर खाली तुतारी. त्या मुलीनं दोन वर्षं माझ्या आवाजावर भरवसा ठेवला होता आणि मी एका कुजबुजीला भिऊन घरी बसले होते. मला स्वतःची लाज वाटली. म्हटलं, ठीक आहे. ती बाई मराठी, मी मराठी. समोरासमोर बोलून घेऊ.

डीन सरांकडे गेले. म्हटलं, मला फक्त अर्धा तास द्या. मी तिला समजावते. ते म्हणाले, “मैं भी आऊँगा.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता मजल्यावर ही गर्दी! डीन सर, भैरूजी, लोकेश, चाळीसातले निम्मे, आणि मैत्रिणीचा हात धरून सुमनही आली. “पेपर तो मेरा है,” म्हणाली. तिला तेव्हाच सगळी हकीकत समजली. ती कपाळाला आठी घालून ऐकत राहिली. लोकेशनं आत माईक ठेवला आणि तार काढून बाहेर स्पीकरला जोडली. मला काही झालं तर कळावं म्हणून. वर रेकॉर्डिंगही चालू. या वेळी सॉफ्टवेअर नाही, जसं येईल तसं.

मी एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात दहीभाताचा द्रोण घेऊन आत गेले. दार लोटलं. आणि बाहेरची सगळी कुजबुज एका क्षणात बंद.

ती शांतता मी विसरणार नाही. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आलेली, तिच्यात धूळ तरंगतेय. भिंतीवरच्या रजया जरा जरा हलत होत्या. वारा असेल. मी द्रोण खिडकीपाशी ठेवला, जमिनीवर मांडी घातली आणि डोळे मिटले.

“बाई,” मी म्हणाले, “तुम्ही कोण, कुठल्या, मला माहीत नाही. तुमचं माणूस इथे गेलं असेल. तुम्हाला कुणी घरी न्यायला आलं नसेल. मी पण घरापासून लांबच राहते. तुम्हाला त्रास द्यायला आले नाही. एका मुलीची परीक्षा आहे. तेवढी दोन प्रकरणं मला वाचू द्या. काही हवं असेल तर सांगा. मी ऐकतेय.”

थांबले. ऐकत राहिले.

काहीच नाही. घाम मानेवरून पाठीत उतरतोय. आणि मग, माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळ, काहीतरी सरसरलं. पुन्हा सरसरलं. द्रोण जागचा हलला! देवाशप्पथ सांगते, डोळे उघडायचं धैर्य होईना. मनात रामरक्षा म्हटली, आणि उघडले.

कबूतर होतं. नेहमीचंच. दहीभातात तोंड घालून बसलेलं. हुसकावलं आणि पुन्हा डोळे मिटले. दहा मिनिटं वाट पाहिली. कुणी बोललं नाही. मग नारळ तिथेच ठेवून मी दार उघडून बाहेर आले.

“नाही बोलली ती,” मी जड आवाजात सांगितलं. “कदाचित गेली असेल.”

सगळे माझ्याकडे बघत होते. पण कसे? मुलं ओठ दाबून. भैरूजी मिशीवर हात ठेवून. लोकेश, ज्याला हसण्याची सवय नाही, तो जमिनीकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

“मैम,” तो म्हणाला, “एक बार सुन लीजिए.”

त्यानं रेकॉर्डिंग लावलं. स्पीकरमधून माझं भाषण आलं. “बाई, तुम्ही कोण, कुठल्या…” छान वाटलं ऐकायला. मग शांतता. सरसर. फडफड. आणि मग…

“मेला परत आला! उठ! तुझ्यासाठी ठेवलाय का भात? बघतोय बघा कसा!”

“आली!” मी किंचाळले आणि भैरूजींचं मनगट घट्ट धरलं. “ऐकलंत? तीच! तीच बाई! मी आत असताना बोलली ती, आणि मला ऐकूसुद्धा आलं नाही!”

मग सुमन पुढे आली. तिनं चाचपत माझा हात भैरूजींच्या मनगटावरून सोडवला आणि हळूच म्हणाली,

“मैम. ये तो आप हैं.”

मला आधी कळलंच नाही. मग लोकेशनं ते पुन्हा लावलं. आणि पुन्हा. तिसऱ्यांदा मला माझ्या आईचा आवाज ऐकू आला. आमच्या परसात कावळे हाकलणारा, तोच सूर, तोच हेल. आणि तो माझ्या तोंडातून निघत होता.

मान वाकडी करून बघणारा, लाल डोळ्यांचा, कितीदा घालवला तरी परत येणारा तो मेला म्हणजे कबूतर! सॉफ्टवेअरनं त्याची फडफड आणि घुमणं साफ पुसून टाकलं होतं, माझ्या आवाजातला जीवही पुसला होता, आणि राहिली होती ती नुसती कुजबुज. आणि रेकॉर्डिंग बंद? मी दोन वर्षं मोठ्या विश्वासानं जे बटण दाबत होते, ते थांबायचं बटण नव्हतंच. लोकेशनं दाखवलं. ते होतं खूण करून ठेवायचं.

“तुला कसं कळलं?” मी सुमनला विचारलं.

“मैम, मैं तो दो साल से सुन रही हूँ,” ती म्हणाली. “आप पन्ना पलटते हुए बोलती रहती हैं. अच्छा लगता है. लगता है, पास में कोई बैठा है. मुझसे किसी ने पूछा ही नहीं.”

खरंच की. ऐकण्यात जी सगळ्यांत पुढे, तिलाच आम्ही ऐकू दिलं नव्हतं. आणि बावीस वर्षं मला वाटत होतं, मी या गावात कुणाशी मराठीत बोलत नाही!

सुमनला प्रकरणं वेळेत मिळाली आणि पेपर उत्तम गेला, हे आत्ताच सांगून टाकते. कारण यापुढे जे झालं, त्यानंतर मला काही सांगायला तोंड राहिलं नाही.

डीन सर खूश होते. भूत नाही म्हटल्यावर त्यांना एकदम मोकळं वाटलं असावं. म्हणाले, “कमरा खोल दीजिए. और सुमन, तुमने तो मैडम से मुफ़्त में मराठी भी सीख ली!”

“जी सर,” सुमन लाजून म्हणाली. “चष्मा कुठे गेला. गुडघा दुखतोय. चहा गार झाला. सब आता है. बस एक बात समझ में नहीं आई, मैम. पिछले साल वाली एक फ़ाइल में दरवाज़ा खुलता है, डीन सर अंदर आते हैं, कमरा खाली करने की बात करके चले जाते हैं. दरवाज़ा बंद होता है. फिर आप कहती हैं, ‘गेला एकदाचा गेंडा.’ गेला मतलब गया. ये मराठी में गेंडा किसको कहते हैं?”

मजला शांत झाला. रजया नसतानाही.

“मराठीत…” मी म्हणाले. “मराठी में गेंडा मतलब… मतलब, बड़ा आदमी.”

डीन सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि शांतपणे जिन्याकडे निघाले. पहिल्या पायरीवर थांबून म्हणाले,

“हिंदी में भी बड़ा ही होता है, मैडम.”